माझ्या उजव्या हाताची खरी हकीकत

माझ्या उजव्या हाताविषयी आमच्या किनाऱ्यावर सध्या इतकी मते प्रचलित आहेत, की तो हात ज्याच्या खांद्याला आहे त्याचेही एखादे मत असू शकेल याचा लोकांना विसर पडला आहे. बाबल तांडेल सांगत फिरला की मिस्त्री पिऊन आला होता. माझा मुलगा म्हणतो, वय झाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, झीज. आणि मच्छीमारांच्या एका स्मरणिकेत कुणा सज्जनाने मला न विचारता अर्धे पान लिहून ‘दर्यावर्दींच्या सेवेत ज्यांनी आपले हात झिजविले’ अशी माझी ओळख करून दिली आहे. यांतले शेवटचे मत सर्वांत सन्मानाचे आहे, आणि म्हणून मला त्याचाच अधिक राग आहे.

मी सर्जेकोटला राहतो. पंधराव्या वर्षापासून ट्रॉलरची डिझेल इंजिने दुरुस्त करीत आलो. आता बहात्तर पूर्ण झाली. हे लिखाण सहानुभूतीसाठी नाही. ती दाराशी पुष्कळ येऊन गेली आणि प्रत्येक वेळी चहा पिऊन गेली. ज्यांचे पोट पाना, करवत, कोयता किंवा सुई धरण्यावर चालते आणि सकाळी उठल्यावर ज्यांना आपली बोटे आपली वाटत नाहीत, त्यांनी हे वाचावे, एवढीच अपेक्षा आहे.

परीक्षेची रीत

डिझेल इंजिनात पंपापासून प्रत्येक सिलिंडरला एक बारीक पोलादी नळी जाते. इंजिन चालू असताना त्या नळीवर बोटांची टोके टेकवली, की आतून जाणाऱ्या डिझेलचा ठोका लागतो. सहा नळ्यांपैकी एकीचाच ठोका वेगळा लागला, तर त्या सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा नोझल बिघडला. सहाही मंद लागल्या, तर पंप गेला. यात गूढ काही नाही. लागते ती केवळ बोटांच्या टोकांची जाण, आणि ती माझ्याइतकी दुसऱ्या कुणाची नव्हती. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही, मोजमाप म्हणून लिहितो.

ही परीक्षा मी अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटे टेकवून, डोळे मिटून करीत असे. तेवढा वेळ ट्रॉलरवर कुणी बोलत नसे. डोळे उघडून मी जे सांगे, त्यावर कुणी दुसरे मत घेत नसे.

तो मंगळवार

बाबल तांडेल हा ट्रॉलरचा मालक आणि चालकही. त्याच्या वडिलांच्या काळापासून त्यांचे इंजिन माझ्याशिवाय कुणी उघडले नव्हते. पावसाळी मासेमारीबंदी संपायला चार दिवस होते. ट्रॉलर खाडीत उतरवला होता, इंजिन अडखळत होते, धूर काळा येत होता. मी गेलो. खलाशी, शेजारच्या ट्रॉलरवरची माणसे, जेट्टीवर जाळी शिवणारे, असे चौदा-पंधराजण बघत होते. मी सहाही नळ्यांवर बोटे टेकवली. सहाही मंद.

“पंप गेलो,” मी म्हणालो.

पंप उतरवून तपासणीला कोल्हापूरला पाठवला. बंदी उठली. सगळे ट्रॉलर बाहेर पडले, कोळंबीने भरून परत आले, पुन्हा गेले. बाबल जेट्टीवर उभा होता. बंदी उठल्यापासून दहाव्या दिवशी पंप परत आला, सोबत चिठ्ठी: दोष नाही. बाबलने देवगडहून दुसरा मिस्त्री आणला. त्याने अर्ध्या तासात दोन नंबरचा नोझल बदलला आणि इंजिन स्वच्छ चालू लागले.

त्या संध्याकाळी बाबल माझ्या अंगणात आला. आत येऊन बसला नाही.

“मिस्त्रीनू, पंप बरो हा. एकदम बरो. तुमी त्या दिवशी बगलास काय?”

“जा बगूचा ता बगलंय.”

“मगे देवगडच्या माणसाक गावलो तो नोझल तुमका कित्याक नाय गावलो? घेवन इल्लास काय तुमी?”

मी पितो. शनिवारी संध्याकाळी, घरी, दोन पेले, आणि ते पिताना मी खिडकी लावून घेत नाही. तो मंगळवार होता. परंतु पुढच्या आठवड्यात किनाऱ्यावरच्या कुणीही मला हाक मारली नाही. छप्पन्न-सत्तावन्न वर्षे ज्या जेट्टीवर माझी वाट पाहिली जाई, तिच्यावरून मी जाताना माणसे जाळ्यात काहीतरी शोधू लागली. मला त्या हाका परत हव्या होत्या. आजारापेक्षा मला त्याचीच अधिक तळमळ होती, हे आधीच सांगून टाकतो.

घर

माझी पत्नी सुमन हिला मी फसवू शकलो असे मला वाटत होते. आमच्याकडे पेडवे आठवड्यातून चारदा होतात. त्या मासळीचे काटे केसाएवढे बारीक. ते डोळ्यांनी नव्हे, बोटांनी काढायचे असतात. लहान मुलालाही ते जमते. मला जमेनासे झाले होते. दोनदा घशात काटा अडकला. नंतर माझ्या ताटात मासळी आधीच काटे काढलेली येऊ लागली. दोघेही ताटाकडे बघून जेवत होतो.

बाबल येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी ती समोर उभी राहिली.

“ओ, तो हात हय दाखवा बगूया.”

“हाताक काय झाला नाय.”

“मगे शर्टाची बटणा लावन दाखवा.”

मी पहिल्या बटणाशी बराच वेळ झगडलो. ती बघत राहिली. मग तिने पुढे होऊन सगळी बटणे एकामागून एक लावली आणि कॉलर नीट केली.

“जत्रेत हातातसून नारळ पडलो, तेव्वाच माका समाजला,” ती म्हणाली.

मसुऱ्याच्या जत्रेत माझ्या हातून नारळ सुटला होता, हे खरे आहे. “तो नारळ ओलो हुतो,” मी म्हणालो.

“ओलो? दोन तास उन्हात रांगेत हुतो तो नारळ!”

तिने म्हापशाला मुलाला फोन केला. प्रशांत तिथे मोटारींच्या वर्कशॉपमध्ये आहे. फोन माझ्या कानाला लावला गेला.

“बाबा, मी पाच वर्सा सांगतंय, पुरे करा म्हणान. आता खंयचो मिस्त्री बोटा लावन इंजिन बगता? आमच्याकडे कॉम्प्युटर जोडतत.”

“मगे त्या कॉम्प्युटराक सांग माजो हात बगूक.”

त्याने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाडी घेऊन दारात उभा होता आणि गोव्याच्या रुग्णालयापर्यंत माझ्याशी एक शब्द बोलला नाही. त्याच्या अंगच्या गुणांत मी याला फार वर ठेवतो.

कापूस

रुग्णालयात पाच तास बसलो. माझ्याआधी आलेले आणि माझ्यानंतर आलेले असे सगळेच माझ्याआधी आत जात आहेत, असे मला वाटत होते. प्रशांत म्हणतो ते खरे नाही. डॉक्टरीणबाई प्रशांतपेक्षा लहान होत्या.

“डोळे मिटा, आजोबा. बोटाला कापूस लावते. लागला की सांगा.”

मी डोळे मिटले. वाट पाहिली. बाहेर कुणाचे तरी नाव पुकारले गेले.

“लावा ना,” मी म्हणालो.

“लावला. तीनदा.”

आयुष्यात मला लोकांनी पुष्कळ बोल लावले, मी त्या सगळ्यांना उत्तर दिले. हे दोन शब्द ऐकल्यावर मात्र मी डोळे उघडले नाहीत. उघडले असते तर माझा मुलगा समोर उभा होता.

त्यांनी करंगळीला कापूस लावला, तो लागला. “करंगळीची नस वेगळी,” त्या म्हणाल्या. “ती शाबूत आहे.” ते मला आधीच ठाऊक होते. कसे, ते मी त्यांना सांगितले नाही.

मग विजेचे बारीक झटके देऊन नसेची तपासणी झाली. मनगटातल्या अरुंद वाटेत नस दाबली गेली होती. अंगठ्याच्या बुंध्याशी जो मांसल उंचवटा असतो, तिथे माझ्या तळहातावर खळगा पडला होता. मी रोज तो हात पाहत होतो आणि तो खळगा मी पाहिला नव्हता.

“किती वर्षे काम करताय?”

“सत्तावन्न.”

“घट्ट पकड, हादरे, जड पाने. मग झीज होणारच.”

“झीज बेअरिंगची होते,” मी म्हणालो. “ते बदलता येते. याला दुसरा शब्द शोधा.”

“शब्द तुम्ही शोधा. मी नस मोकळी करते,” त्या म्हणाल्या. “किती जाण परत येईल ते तुम्ही किती उशीर केलात त्यावर आहे. कधीपासून बधिर आहेत बोटे?”

“महिना झाला.”

त्यांनी माझा हात उलटा करून त्या खळग्यावर आपला अंगठा ठेवला. “हा स्नायू एका महिन्यात बसत नाही, आजोबा.”

प्रशांतने माझ्याकडे पाहिले. मी भिंतीवरची औषधाची जाहिरात वाचू लागलो.

रुग्णालयातले दोन दिवस

शस्त्रक्रिया लहान असते. हात तेवढाच बधिर करतात, माणूस जागा असतो. मधे पडदा लावतात, परंतु आवाज येतात. मी आयुष्यभर दुसऱ्याचे पोट उघडून आतली नळी मोकळी करीत आलो. उघडून घेणाऱ्याला काय वाटते याचा विचार मी कधी केला नव्हता, कारण इंजिनाला काही वाटत नाही. मला वाटले. मी घाबरलो होतो. परिचारिकेने माझा डावा हात धरला आणि कोकणीत विचारले, “आजो, दुखता?” मी नाही म्हणालो आणि तिचा हात सोडला नाही. तिने तो ओढून घेतला नाही, याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

वय आणि साखर पाहून मला दोन दिवस ठेवून घेतले. सकाळी सहाला तापमापक, सातला चहा, मग फेरी. फेरीत प्रत्येकजण तीच पट्टी बघून तोच प्रश्न विचारी. सुमन मला डाळभात भरवी. चमचा मी नाकारला होता, म्हणून तिच्या हाताने जेवावे लागले. या व्यवहारात कुणाचा विजय झाला ते अजून ठरलेले नाही.

शेजारच्या खाटेवर दोडामार्गकडचा एक माणूस होता, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. रबराच्या बागेत रोज पहाटेपासून झाडांच्या सालीला सुरीने चीर पाडायची, चीक वाटीत गोळा करायचा, हे त्याचे काम. त्याच्याही मनगटावर तीच पट्टी होती. हसतमुख माणूस, असे लोक मला सहसा सोसत नाहीत.

“तुमका कदीपासना हा?” मी विचारले.

“वर्स झाला आसतला.”

“आणि सांगलंस नाय कोणाक?”

“सांगान काय करू? आमच्या कामात सुरी खोल गेली काय झाड मरता. माजी जावक लागली. मालकान इचारल्यान, ही झाडा कित्याक सुकली? मी सांगलंय, रोग पडलोहा.” तो हसायला लागला. “औषद पण मारल्यानी! झाडा काय बोलतत?”

सुमनही हसली. मी कूस बदलून भिंतीकडे तोंड केले. तिला वाटले, हात दुखतो आहे.

जे मी कुणाला सांगितले नव्हते

आता या लिखाणातला अवघड भाग.

माझी तीन बोटे गेली आहेत हे मला त्या मंगळवारी कळले नाही. ते मला चार महिने आधी कळले होते. आचऱ्याच्या एका होडीच्या इंजिनाची मी परीक्षा करीत होतो, आणि ठोका लागेना. इंजिनावर मी एकटाच होतो. सहज करंगळी टेकली, आणि ठोका लख्ख लागला. त्या दिवसापासून कुणी पाहत नसेल तेव्हा मी करंगळीने परीक्षा करी. माणसे असतील तर काहीतरी निमित्त काढून त्यांना दूर पाठवी: पाणी आण, बादली आण, मालकाला बोलाव. चार महिने माझे एकही निदान चुकले नाही.

त्या मंगळवारी भोवती चौदा-पंधराजण होते. सगळे माझ्या हाताकडे बघत होते. अंगठा आणि दोन बोटे टेकवण्याची माझी रीत पोराटोरांना ठाऊक होती. करंगळी पुढे केली असती तर कुणीतरी नक्की विचारले असते, मिस्त्री, हे काय नवीन? एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागू नये म्हणून मी मेलेली बोटे नळ्यांवर टेकवली, डोळे मिटले, आणि त्यांच्या मौनावरून पंपाला दोषी ठरवले. तो रबरवाला झाडाला रोग लावून मोकळा झाला. मी पंपाला.

म्हणून ‘हात झिजविले’ हे मला मान्य नाही. हात झिजले त्यात माझा अपराध नव्हता आणि पराक्रमही नव्हता. त्यानंतर मी जे केले, ते हाताने केलेले नाही.

टाके

तेराव्या दिवशी टाके निघाले. अंगठ्याची जाण बरीच आली. मधल्या बोटाची अर्धी. अंगठ्याशेजारच्या बोटाचे टोक अजून दुसऱ्या कुणाचे तरी आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, वर्षभर थांबा, पण सगळे येईल असे धरून चालू नका. चार महिने आधी गेलो असतो तर? मी विचारले. त्यांनी उत्तर देण्याचे टाळले. एवढ्या एका प्रसंगी त्यांच्यात सौजन्य दिसले.

वाचणाऱ्याला एवढेच सांगतो. बोटांना मुंग्या येऊ लागल्या, हातातून वस्तू सुटू लागली, बटण लागेनासे झाले, की घरातल्या माणसाला त्याच दिवशी सांगा. तेल चोळणारे, काढा देणारे, ‘मलाही असेच होते’ म्हणणारे खूप भेटतील. त्यांना नमस्कार करा आणि डॉक्टरकडे जा. आणि दुसरे: बधिर हाताने दुसऱ्याच्या कामावर निर्णय देऊ नका. बधिर बोट ‘मला कळत नाही’ असे सांगत नाही. ते ‘तिथे काही नाही’ असे सांगते. हा फरक मला दहा दिवस दुसऱ्या कुणाच्या तरी खर्चाने शिकावा लागला.

बाबल

प्रशांतने बाबलला गाठून नस, मनगट, शस्त्रक्रिया सगळे समजावले होते, हे मला मागाहून कळले. टाके निघाल्यानंतरच्या रविवारी सकाळी बाबल चार शहाळी घेऊन आला. या वेळी आत आला, बसला. सुमन चहा टाकायला उठली.

“मिस्त्रीनू, माका माफी करा,” तो म्हणाला. “तोंडाक इला ता बोललंय. सगळ्यांका सांगत सुटलंय. आता सगळ्यांका फिरान सांगतंय, मिस्त्री पिवन इल्लो नाय, तेंची शीर दाबलेली. आमचा इंजिन बापाशीपासून तुमी बगलास, फुडे पण तुमीच बगूचा. देवगडवाल्याक मी परत बोलवचंय नाय.”

मला जे हवे होते ते सगळे त्या वाक्यांत होते. मला फक्त मान हलवायची होती.

“आणि शीर दाबलेली ता माका काय ठावक?” तो पुढे म्हणाला. “तुमका तरी खंय ठावक हुता!”

“माका ठावक हुता,” मी म्हणालो.

स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज थांबला.

“काय ठावक हुता?”

“बोटा मेलेली हत, ता. चार म्हयने.”

बाबल माझ्या मनगटाकडे बघत होता. “मगे पंप खोलूक कित्याक सांगलास?”

“करंगळीन बगूचा हुता. तुजे खलाशी बगीत हुते, म्हणान नाय बगलंय.”

“खलाशी बगीत हुते म्हणान?” तो उभा राहिला. “तुमच्या मानाक माजे धा दिवस गेले? माजी माणसा धा दिवस जेट्टीर बसान दुसऱ्यांची कोळंबी बगीत हुती, ती तुमका लाज वाटली म्हणान?”

“होय.”

“पिवन चुकला असतास तर बरा झाला असता,” तो म्हणाला. “दारू उतारता तरी.”

सुमन चहाचा कप घेऊन दारात उभी होती. त्याने तिच्याकडे पाहून नको म्हणून हात हलवला आणि मग मला म्हणाला, “मिस्त्रीनू, माज्या ट्रॉलरार आता पाय ठेवू नकात.”

तो गेल्यावर सुमनने तो चहा स्वतः घेतला. “ह्या आज सांगूचा हुता?” तिने विचारले. “आज सगळा परत येय हुता.”

मग ती आत गेली आणि दुसरा कप माझ्यासाठी ओतून घेऊन आली.

बाबल आता किनाऱ्यावर नव्याने सांगतो आहे, की मिस्त्री पिऊन आला नव्हता. मिस्त्री शुद्धीवर होता, त्याला सगळे माहीत होते, आणि चारचौघांत मान खाली जाऊ नये म्हणून त्याने माझा हंगाम बुडवला. ‘हंगाम’ हा शब्द मोठा आहे. दहा दिवस होते. एरवी तेवढ्यावरूनही मी जेट्टीवर जाऊन वाद घातला असता. परंतु ज्याचे ते दहा दिवस होते, त्याने त्यांना काय म्हणावे हे त्यानेच ठरवावे. बाकी त्याचे सांगणे खरे आहे.